मागच्या काचेवरच्या दोन ओळी

आमच्या नात्यात कुणाचं लग्न निघालं की माझ्या बायकोच्या साड्यांचा विषय निघतोच. परवाही निघाला. "मोठ्या आईनं घरी दुकान लावलं होतं ना? चाललं नाही म्हने," असं पुतणी म्हणाली आणि सगळे हसले. बायकोही हसली. "मले त्यातलं काही समजतच नव्हतं, बाई," म्हणाली. इतकी वर्षं मीही अशा वेळी हसत आलो आहे. ते दुकान तिच्यामुळे बंद पडलं नाही. माझ्यामुळे पडलं. कसं, ते लिहून ठेवतो.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्यानंतरच्या वर्षांतली गोष्ट. मोहाडीतल्या एका कार्यालयात माझी बदली झाली होती. राहायला आम्ही भंडाऱ्यात. मी एक जुनी कार घेतली आणि वरठीच्या स्टील प्लांटवरून जाणंयेणं करू लागलो. मुलगी शिकायला बाहेर गेल्यावर बायकोनं घरून साड्या विकायला घेतल्या, त्याही फक्त पांढऱ्या. आमच्या बौद्ध लग्नात नवरी पांढरी साडी नेसते. पण दुकानात पांढरी साडी मागितली की दुकानदार विधवा म्हाताऱ्यांसाठी ठेवलेला गठ्ठा काढायचा. तिच्या स्वतःच्या लग्नाच्या वेळी तसंच झालं होतं, आणि ते तिच्या मनात राहिलं होतं. म्हणून ती नागपूरला जाऊन एकेक साडी बघून आणायची. दारातल्या उजेडात धरायची, पदर चिमटीत घेऊन चोळायची. न पटलेली साडी दुसऱ्या खेपेला परत घेऊन जायची.

कारच्या मागच्या काचेवर जाहिरात करायची कल्पना तिचीच.

"अजी, तुमी रोज वरठीतून जाता," ती म्हणाली. "प्लांटची शिफ्ट सुटते तेव्हा तुमच्या मागं किती लोक असतात! त्याइच्या घरी पोरी नाहीत का लग्नाच्या? वाचू द्या ना त्याइले."

आम्ही रेडियमच्या दुकानात गेलो. निळी अक्षरं तिनंच निवडली. वरच्या ओळीत, 'बौद्ध वधूसाठी पांढऱ्या साड्या घरी मिळतील', आणि खाली घरचा फोन नंबर. अक्षरं चिकटवून झाल्यावर ती रस्ता ओलांडून पलीकडे गेली आणि तिथून मोठ्यानं वाचून आली. एखाद्या पोरीसारखी खूश होती.

मोहाडीच्या कार्यालयात मी कोण आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. माझं आडनाव दोन-तीन समाजांत सापडतं. रुजू झालो त्या आठवड्यात एकानं मला आपल्यातलाच समजून काहीतरी म्हटलं आणि मी गप्प बसलो. त्यानंतर गप्प बसण्याची सवय झाली. कार्यालयात पूजा झाली की मी सगळ्यांबरोबर हात जोडून उभा राहायचो. माझ्या वडिलांनी तरुणपणी दीक्षा घेतली आणि ते गावात ताठ मानेनं राहिले. मी सरकारी पगार घेऊन लपत होतो.

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं खिडकीतून काच वाचली.

"असं का, भाऊ!" तो म्हणाला. "दोन वर्षं झाले संग डबा खाऊन राहिलो, बोलले नाही कधी?"

"त्यात काय बोलायचं," मी म्हणालो.

"नाही, तसं काही नाही. चांगलं आहे की धंदा."

एवढंच. कुणी मला वाईट बोललं नाही. दुपारी डबे उघडले तेव्हा माझ्या बाजूला वीतभर जागा जास्त सुटली आहे असं मला वाटलं. ती खरंच सुटली होती की माझ्याच डोळ्यांत होती, हे मला आजही सांगता येत नाही.

मी कार भिंतीला मागची बाजू लावून उभी करू लागलो. तेवढ्यानं भागेना. वरठीच्या अलीकडे एक राईस मिल होती. तिथल्या चौकीदाराशी ओळख काढली, एक कव्हर विकत घेतलं आणि रोज सकाळी कार तिथं आवारात झाकून पुढे एसटीनं जाऊ लागलो. शिफ्टच्या गर्दीपर्यंत ती निळी अक्षरं मग पोचलीच नाहीत.

"साहेब, घरची कार सोडून लटकत काहून जाता?" चौकीदार विचारायचा.

"क्लच दाबून पाय दुखते," मी म्हणायचो.

घरी बायको फोनजवळ बसून असायची. अंघोळीला गेली तरी दार किलकिलं ठेवायची. संध्याकाळी मी चपला काढतो न काढतो तोच विचारायची, "कोनी इचारलं का?" मी म्हणायचो, "वाचतात, पण थांबत नाहीत." असे तीन-चार महिने गेले. एकदा तिनं मला समोर बसवलं. "खरं सांगा. लोक काय म्हनतात?"

त्याच दिवशी एसटीत दोन बायका कुठल्याशा दुकानातून आणलेल्या साडीबद्दल बोलत होत्या. तेच माझ्या तोंडून निघालं. "म्हणतात, धुतल्यावर किनार आकसते."

कपाटातली एक नवी कोरी साडी तिनं बादलीत भिजवली, वाळत घातली आणि किनारीवरून बोटं फिरवत राहिली. मला तर किनार सरळ दिसत होती. तिला नाही दिसली. आठवड्याभरात उरलेल्या साड्या तिनं नातलगांत वाटून टाकल्या, आणि काचेवरची अक्षरं ब्लेडनं स्वतःच खरडली. पुढे आमच्या मुलीच्या लग्नात साडी निवडायला तिला बोलावलं, तर म्हणाली, "माही नजर चांगली नाही. दुसऱ्या कोनाले न्या."

परवा पाहुणे गेल्यावर मी तिला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"लोक काही म्हणत नव्हते," मी म्हणालो. "लोकांनी काच पाहिलीच नाही. किनारीचं मी मनानं सांगितलं."

तिनं मान वर केली आणि हसली. "तुमी? आयुष्यात कधी साडीच्या किनारीकडे पाहिलं का तुमी? तुमाले कसं सुचन ते?"

"एसटीत ऐकलं होतं."

"एसटीत कायले? तुमी तं कारनं जात होते."

मी राईस मिलचं सांगितलं, कव्हरचं सांगितलं. ती मिल बंद होऊन जमाना झाला. चौकीदार कुठला होता, जिवंत आहे की नाही, मला ठाऊक नाही. बायको सगळं ऐकत होती, पण आजारी माणसाची बडबड ऐकावी तशी.

"पुतनी हसली म्हनून तुमाले वाईट वाटलं," ती म्हणाली. "मले नाही वाटत आता. खराबच होत्या त्या साड्या. मी सोता धुऊन पाहिली होती ना?"

मी पुन्हा सुरुवातीपासून सांगू लागलो. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "राहू द्या. दवाई घेतली का?"