डोक्याची गोळी

आमच्याकडे डोक्याची गोळी म्हणजे डोकेदुखीची गोळी, किराणा दुकानातही मिळते. डोक्याचा डॉक्टर म्हणजे मात्र वेड्यांचा डॉक्टर. डोकं तेच, पण एकावर लोक चहा पाजतात आणि दुसऱ्यावर सोयरीक मोडतात.

मी परभणीच्या डॉक्टरकडे जायला लागलो तेव्हा आईला म्हणालो, डोक्याच्या गोळ्या चालू केल्यात. खोटं काय होतं त्यात? त्याआधी सोयाबीन काढणीला आलं तरी मी बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडलेलो असायचो. गोळ्यांनी निदान उठून बसलो. आईने तिच्या परीने अर्थ लावला आणि रोज संध्याकाळी तेलाची वाटी घेऊन माझ्या उशाशी बसायला लागली. न दुखणारं डोकं मी मुकाट्याने तिच्या हाती द्यायचो.

मग धाकट्या बहिणीला बघायला राणीसावरगावकडचे पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि मामा. पोहे झाले, प्रश्न झाले, सगळं जमत आलं होतं. माझी आई तर ठरायच्या आधीच मुलाच्या आईला ‘विहीणबाई’ म्हणायला लागली होती.

“उन्हानं डोकं लय ठणकायलंय बघा,” विहीणबाई कपाळ दाबत म्हणाल्या. “सकाळी बीपीची गोळी खाल्ली, तरी बी.”

आई टुणकन उठली आणि कपाटातून माझ्या गोळ्यांची पट्टी घेऊन आली. “ह्या घ्या. परभणीच्या मोठ्या डॉक्टरच्या हायेत. आमचं पोरगं ह्यावरच हाय.”

मी पट्टी घ्यायला हात पुढे केला. “नको माय, त्या जुन्या झाल्यात.”

“जुन्या कशा? परवाच आणलास की.”

“मी दुकानातून दुसरी आणतो.”

“घरात असताना?” आईने पाहुण्यांकडे बघून माझ्या वतीने लाजून घेतलं आणि पट्टीतून गोळी काढून विहीणबाईंच्या तळहातावर ठेवली.

दुसऱ्या कुणाला द्यायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पहिल्या दिवसांत मला स्वतःलाच किती घेरी यायची ते आठवलं. मी बहिणीकडे पाहिलं. ती मान खाली घालून बसली होती, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. मुलगा तिला आवडला होता. मला आईचा राग आला, त्या बाईंच्या डोक्याचा राग आला. एका गोळीने काय होतंय, असंही मनात येऊन गेलं. विहीणबाईंनी पेला उचलला.

“थांबा! गिळू नका!” मी ओरडलोच. “ती डोकं दुखायची गोळी न्हाई. माझं मन लय उदास राहतंय, त्याची हाय.”

मुलगा चपलांकडे बघत बसला.

“म्हंजे डोक्याच्या डॉक्टरची?” मामांनी विचारलं.

“हो.”

विहीणबाईंनी गोळी पोह्यांच्या ताटलीत ठेवली आणि बोटं पदराला पुसली. “कळवतो,” मामा म्हणाले. कळवतो म्हणजे काय, ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

पाहुण्यांची जीप गेली. बहीण आत कपबश्या घासत होती. घासत कसली, आपटत होती. मी अंगणात जाऊन बसलो. आज गोळी घ्यायचीच नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

संध्याकाळी आई सवयीने तेलाची वाटी घेऊन आली आणि मध्येच थांबली.

“डोकं दुखतच नव्हतं?”

“न्हाई.”

“मग इतके दिवस कशाला चोळून घेतलास?”

“बरं वाटायचं.”

वाटी फेकते की काय, असं वाटलं. मग माझ्यामागे बसली आणि तेलाचा हात टाळूवर ठेवला. आज ती नेहमीपेक्षा जोरात चोळत होती.

तेवढ्यात बहीण बाहेर आली. डोळे लाल, हातात पाण्याचा पेला, आणि तळहातावर ताटलीतून उचललेली ती गोळी.

“घे,” ती म्हणाली. “माझी सोयरीक मोडून ही गोळी वाचवलास ना? मग आता वाया घालवू नको.”

राग गेला नव्हता तिचा. गोळी गिळेपर्यंत ती माझ्यासमोरून हलली नाही.