उजव्या दाराची गाडी

तिबिलिसीच्या हॉटेलात मी सकाळी आठला पोचले, तेव्हा काउंटरवरच्या बाईने खोली दोन वाजता मिळेल असं सांगितलं. टूरची पहिली बैठक संध्याकाळी सहाला होती. म्हणजे दहा तास मोकळे. एवढ्या वेळात माझ्या नगर–पाथर्डीच्या दोन फेऱ्या होऊन वर डबाही खाऊन झाला असता. पंचवीस वर्षं मी लाल गाडीवर कंडक्टर होते. निवृत्त होऊन सातच महिने झाले होते आणि त्या सात महिन्यांत सावेडीच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी एका खुर्चीवर अर्धा तास काही बसले नव्हते.

जॉर्जियाची ही टूर लेकीने ठरवली होती. आम्ही दोघी जाणार होतो. निघायच्या दोन दिवस आधी तिची रजा रद्द झाली. मीही जात नाही म्हटलं, तर नवरा म्हणाला, "जा तू. हितं राहून तरी काय, दिवसभर जिन्यावरनं वरखाली करतीस."

बॅग काउंटरमागे ठेवून मी बाहेर पडले. चौकापर्यंत गेले आणि परत आले. पुन्हा गेले. मग बसस्टॉपवर बसले. बस यायची, दारं आपोआप उघडायची, लोक यंत्राला कार्ड टेकवून आत जायचे. कंडक्टर नव्हताच. सात-आठ बस गेल्या तरी मी प्रत्येक बसमध्ये वाकून बघत होते.

संध्याकाळी आम्ही दहाजण गोल बसलो. दोन कोरियन मैत्रिणी, एक आयरिश जोडपं, काठी घेऊन चालणारे एक डच आजोबा आणि आणखी काहीजण. गाइड चाळिशीतली, केस बारीक कापलेली बाई होती. प्रत्येकाने आपण का आलो ते सांगायचं, असं तिने सुचवलं. कुणी डोंगरांसाठी आलं होतं, कुणी जुन्या चर्चेससाठी. माझी पाळी आली तेव्हा मी माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हटलं की मुलीने तिकीट काढलं म्हणून आले. सगळे हसले, पण चांगलं हसले. मी बस कंडक्टर होते हे कळल्यावर आयरिश बाई म्हणाली, म्हणजे तुम्ही पुष्कळ फिरला असाल. मी हो म्हटलं. रोज तेच पन्नास किलोमीटर, हे काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. मी सवयीने डाव्या बाजूला गेले, तर तिथे ड्रायव्हर बसलेला. दार उजवीकडे होतं. दाराशी उभं राहून मी सगळ्यांना चढू दिलं. गाइडने मलाही चढा म्हटलं तेव्हा मागच्या रांगेतली मधली जागा तेवढी उरली होती. पट्टा बांधला. गाडी घंटीशिवाय हलली. आता हातांचं काय करायचं ते कळेना, म्हणून पर्स उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

तासाभराने डोंगर सुरू झाले आणि तिसऱ्या-चौथ्या वळणाला माझ्या पोटात ढवळायला लागलं. करंजीच्या घाटात मी किती जणांना पिशव्या दिल्या असतील. काल रात्री जरा जास्तच जेवला असाल, असंही म्हणायचे मी त्यांना. मला स्वतःला कधी काही झालं नव्हतं, कारण मी कधी मागे बसलेच नव्हते. उभी असायचे, रस्ता समोर दिसायचा. मी पट्टा सोडून उठले. गाइडने माइकवरून बसायला सांगितलं. मी तोंडावर हात धरला तेव्हा तिला कळलं.

गाडी थांबली. परक्या देशातल्या रस्त्याच्या कडेला वाकून मी उलटी केली आणि आयरिश बाईने माझी पाठ चोळली. लाजेने मान वर होईना.

मी गाइडला म्हटलं, मला उभं राहू द्या, मला सवय आहे. तिने सांगितलं, इथे कायद्याने चालत नाही.

"मग पुढे बसू द्या," मी म्हटलं. "मला रस्ता दिसला पाहिजे."

तिने क्षणभर विचार केला, आपली पुढची सीट मला दिली आणि स्वतः मागे जाऊन बसली.

ड्रायव्हर पन्नाशीचा होता. पांढऱ्या मिशा, इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. पण रस्ता समोर आला आणि पाच मिनिटांत माझं पोट शांत झालं. पाय तेवढे नव्हते शांत. प्रत्येक वळणाला मी नसलेला ब्रेक दाबत होते.

वर खिंडीजवळ ट्रकांची रांग लागली होती. पुढच्या बोगद्यात सावलीला गाई उभ्या होत्या, त्या हलायला तयार नव्हत्या. ड्रायव्हरने बाजूच्या अरुंद जुन्या रस्त्याला गाडी घातली आणि नेमका समोरून ट्रक आला. गाडी मागे घेणं भाग होतं. एका अंगाला दरी. तो एकदा या आरशात बघे, एकदा त्या. मी पट्टा काढून खाली उतरले. मागून गाइडने हाक मारली, पण तोवर मी गाडीच्या मागे पोचले होते.

पत्र्यावर थापा मारत मी ओरडायला लागले, "येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या." मराठीतच. दुसरं काही तोंडात येईना. त्याला शब्द कळले नसतील, थापा कळल्या. मागचं चाक कडेपासून हातभर राहिलं तेव्हा मी जोरात एकच थाप मारली आणि गाडी जागच्या जागी थांबली. ट्रक आम्हाला जेमतेम चुकवून निघून गेला. मी दोन थापा मारल्या. गाडी पुढे निघाली आणि मी अजून खालीच होते. धावत येऊन चढले तेव्हा तो पहिल्यांदाच हसला.

जेवायला थांबलो तिथे गाइडने मला बाजूला घेतलं. आवाज न चढवता म्हणाली, "तुमचा पाय घसरला असता तर उत्तर मला द्यावं लागलं असतं. तुम्ही इथे प्रवासी आहात."

मी हो म्हटलं. तिचं बरोबर होतं. दारात लोंबकळणाऱ्यांना मीही हेच सांगायचे.

ड्रायव्हर कोपऱ्यातल्या टेबलावर एकटा जेवत होता. आमच्याकडे ड्रायव्हर-कंडक्टर एकाच टेबलावर बसतात. घेवड्याचं सारण भरलेली रोटी ताटात घेऊन मी दोन टेबलांच्या मध्ये जरा जास्तच वेळ उभी राहिले. मग आमच्या लोकांत जाऊन बसले.

संध्याकाळी घरी फोन लावला. ट्रकचं सगळं ऐकून घेतल्यावर नवऱ्याने विचारलं, "आन् डोंगर कसा हुता?" मला सांगता येईना. मी बघितलाच नव्हता.

तिसऱ्या दिवशी पुढची सीट डच आजोबांच्या गुडघ्यांना मिळाली. मी उलटीची गोळी घेऊन खिडकीशी बसले. खाली नदी होती, पलीकडच्या उतारावर मेंढ्या, वरच्या शिखरांवर बर्फ. ठरवून बघितलं, एका स्टॉपपासून दुसऱ्यापर्यंत जेवढा वेळ लागतो तेवढा. नंतर मान आपोआप वळली आणि दोन डोक्यांच्या फटीतून मी पुढचं वळण शोधायला लागले.