उन्हाळ्यातली हार्डडिस्क

माझा नवरा गेला त्या उन्हाळ्यात मी रोज सकाळी आमच्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क तपासत असे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नागपुरात तेव्हा घरी कॉम्प्युटर असलेली माणसं फार नव्हती. प्रतापनगरच्या आमच्या गल्लीत तरी आम्हीच. नवरा खापरखेड्याच्या वीजकेंद्रात इंजिनिअर होता. मुंबईच्या एका कंपनीनं जुनी मशीनं काढून टाकली, त्यातलं एक त्यानं मित्राकरवी मागवलं आणि झोपायच्या खोलीत खिडकीखाली, माझ्या शिलाई मशीनच्या जागी मांडलं. शिलाई मशीन पलंगाखाली गेलं. त्यावरून आम्ही चांगले भांडलो. पण थोड्याच दिवसांत मीच संध्याकाळी स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसायला लागले.

त्या मशीनला मराठी येत नव्हतं. पडद्यावर मराठी अक्षरं उमटवायची हे त्यानं मनावर घेतलं होतं. चौकोनी कागदावर आधी ठिपके भरायचा, मग तेच ठिपके मशीनमध्ये घालायचा. एक अक्षर धड दिसायला कधी एक संध्याकाळ लागे, कधी तीन. ‘झ’नं त्याला फार छळलं. क पासून सुरू करून तो न पर्यंत आला होता.

रविवारी तो हार्डडिस्क तपासायचा. त्यासाठी एका फ्लॉपीवर प्रोग्राम होता. तो लावला की पडद्यावर डिस्कचा नकाशा यायचा आणि एकेक जागा वाचून होईल तसा तिथे ठिपका पडायचा. जी जागा वाचता येत नसे तिथे इंग्रजी बी. बी म्हणजे बॅड. सगळी डिस्क वाचून व्हायला बराच वेळ लागे. तेवढ्यात तो दाढी करून यायचा आणि तोंडाला साबण तसाच ठेवून विचारायचा, “किती बी?” मी मोजून सांगायची. जुन्या डिस्कवर थोडे असतातच, ते वाढले नाहीत म्हणजे झालं, असं तो म्हणे.

होळीनंतर थोड्याच दिवसांनी, कामावर दुपारचा डबा खाताना त्याच्या छातीत दुखायला लागलं. मला निरोप आला तेव्हा मी वाटाणे सोलत होते. दवाखान्यात पोचले तोवर सगळं आटोपलं होतं.

मी रडले नाही. घर माणसांनी भरलं, बायका गळ्यात पडून रडल्या, मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. त्या माझ्याकडे बघत, मग एकमेकींकडे बघत. मोठ्या नणंदेनं मला धरून हलवलंसुद्धा. “रड वं बाई, मोकळी हो.” मला तिचा हात दंडावर असल्याचं कळत होतं, एवढंच. आंघोळ, जेवण, झोप, सांगतील तसं मी करत होते. वरणात मीठ नाही हे बाकीच्यांनी सांगितल्यावर मला समजायचं.

तेरवी झाली, माणसं पांगली. सासरे मात्र राहिले. काटोलजवळच्या गावात त्यांची संत्र्याची बाग होती. ती धाकट्या दिरावर सोपवून, सासूबाईंना गावी ठेवून ते माझ्याजवळ थांबले. मी त्यांना मामाजी म्हणे. मला तोवर त्यांच्याशी चार वाक्यंही कधी सलग बोलल्याचं आठवत नव्हतं. आता आम्ही दोघं त्या घरात समोरासमोर बसून चहा प्यायचो. ते बशीत ओतून, मी कपातून.

एका सकाळी धूळ पुसायला म्हणून मी कॉम्प्युटरवरचं कापड काढलं आणि मशीन सुरू केलं. रविवार नव्हता. फ्लॉपी लावली, स्टुलावर बसले आणि ठिपके पडताना बघत राहिले. त्यात काही विचार करावा लागत नव्हता. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावली. मग रोजच.

मामाजी दाराशी येऊन उभे राहत. तीन-चार दिवस तिथूनच बघितलं. मग आत येऊन पलंगाच्या कडेला टेकले.

“हे काय करून राहिली वं तू रोज?”

“डिस्क तपासते, मामाजी.”

“त्यात त्याचा आवाज हाये काय?”

“नाही.”

“फोटू?”

“फोटोही नाही.”

“मंग काहून तपासून राहिली?”

मी स्टूल जरा बाजूला सरकवलं, त्यांना पडदा दिसावा म्हणून. ते ठिपके संपेपर्यंत माझ्याबरोबर बसून राहिले.

एप्रिल तापला तसे बी वाढायला लागले. आधी मला वाटलं, मीच मोजायला चुकते. मग लक्षात आलं की सकाळी थंड असताना मशीन बरं चालतं आणि दुपारी, कूलर लावूनही, अडखळतं. आतून कर्र कर्र असा आवाज यायचा आणि पडद्यावर प्रश्न उमटायचा : अबॉर्ट, रिट्राय, इग्नोर? मी रिट्राय, म्हणजे ‘पुन्हा वाच’, दाबायची. पुन्हा कर्र कर्र, पुन्हा तोच प्रश्न. एकदा दुपारभर मी तेच करत बसले होते. मामाजींनी येऊन मशीनचं बटण बंद केलं आणि म्हणाले, “जेव आता.” मी जेवले.

सकाळच्या गारव्यात मी डिस्कवरचं सगळं फ्लॉप्यांवर उतरवून घ्यायला सुरुवात केली. बाकीचं उतरलं. अक्षरांच्या फाइलवर आलं की मशीन थांबायचं. ती नेमकी बिघडलेल्या भागात होती. पण अगदी पहाटे, गच्चीवर झोपणारी माणसं अजून खाली उतरलेली नसत तेव्हा, ती पडद्यावर उघडायची. तशाच एका पहाटे मी मामाजींना हाक मारली.

काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं होती. मामाजींनी चष्मा लावला आणि शाळेतल्या मुलासारखी मोठ्यानं वाचली. “क. ख. ग. घ.” न पर्यंत जाऊन थांबले.

“हे त्यानं काढले?”

“हो. एकेक ठिपका भरून.”

“शाळेत अक्षर काही धड नोतं त्याचं,” ते म्हणाले. “मास्तर मारे त्याले. मी बी मारलं.” मग पडद्याजवळ वाकून म्हणाले, “झ चांगला निघाला.”

“त्याला फार वेळ लागला होता.”

ते बराच वेळ वाकून बघत होते. मी त्यांच्या मानेवरच्या सुरकुत्या बघत होते. आत्ता काहीतरी वाटायला हवं, असं माझ्या मनात आलं. वाटलं नाही.

मेमध्ये पहाटेही ती फाइल उघडेनाशी झाली. मग पूर्ण मशीनच सुरू होताना अडायला लागलं. धरमपेठेत कॉम्प्युटर दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते. आधी टाइपरायटरचं काम करायचे. नवऱ्याच्या ओळखीचे, तेरवीलाही आले होते. निरोप पाठवल्यावर स्कूटरवरून आले, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला. पाणी पिऊन त्यांनी मशीन उघडलं.

“गरमीचा प्रकार आहे, मॅडम,” ते म्हणाले. “आतली तबकडी गरमीनं फुगते. वाचणारं डोकं ठरल्या जागी जातं, पण लिहिलेलं असतं जरा बाजूला. म्हणून सापडत नाही.”

“मग उपाय?”

“पूर्ण पुसायची आणि या गरमीतच नव्यानं आखायची. चालेल मग.”

“त्यांची एक फाइल आहे त्यात.”

त्यांनी बराच वेळ प्रयत्न केला. मी पंखा त्यांच्याकडे वळवून ठेवला. पडद्यावर कधी अर्धा ट यायचा, कधी नुसतेच विखुरलेले ठिपके. शेवटी त्यांनी नाही म्हणून मान हलवली. पुसायची आज्ञा लिहून खुर्ची माझ्याकडे सरकवली. “खात्री आहे का म्हणून विचारतंय. वाय दाबायचं, म्हणजे हो. एकदा दाबलं की परत नाही, मॅडम. तुम्हीच दाबा.”

मी मामाजींकडे बघितलं. ते पलंगाच्या कडेला, नेहमीच्या जागी बसले होते.

“मामाजी, पुसू?”

“नाही पुसलं तं राहते काय?”

“नाही.”

“मंग पुस.”

मी वाय दाबलं. पडद्यावर आकडे चढायला लागले. दुरुस्तीवाले गृहस्थ खिडकीबाहेर बघत होते.

मामाजी उठून बाहेर गेले. कूलरमध्ये पाणी सोडल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळानं मी बाहेर गेले तर कूलर भरून वाहत होता, पाणी व्हरांड्यात पसरून पायऱ्यांवरून अंगणात उतरत होतं, आणि मामाजी हातात पाइप धरून त्यात उभे होते. धोतराचे काठ भिजलेले. मी जाऊन नळ बंद केला.

“भरला, मामाजी.”

“हो,” ते म्हणाले. पाइप मात्र सोडेनात. मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला. त्यांची बोटं थंडगार होती. त्यांना खुर्चीवर बसवलं, पाय पुसले. आयुष्यात त्यांच्या पायांना मी नमस्कारापुरताच हात लावला होता.

त्या भर दुपारी डिस्क तपासली तर कारखान्यातूनच आलेले दोन-तीन बी सोडून सगळीकडे ठिपके. छान चालत होती. तिच्यावर ठेवायला माझ्याकडे काही नव्हतं. मी आणखी काही सकाळी ती तपासली. मग एके दिवशी तपासली नाही. ठरवून नव्हे. दूध तापवता तापवता ऊन वर आलं आणि राहून गेलं.

बागेचं काम निघालं तसे मामाजी गावी परतले. जाताना मला म्हणाले, “येत जाजो. तुले कोणी काही विचारणार नाही.” मी दर महिन्याला जात राहिले. खरोखरच कोणी काही विचारलं नाही. सासूबाईंबरोबर मी शेंगा फोडायची, मामाजी ओट्यावर बसलेले असायचे. कॉम्प्युटर पुढे नवऱ्याच्या मित्राला देऊन टाकला.

दिवाळीनंतर मला नवऱ्याच्या जागी नोकरी मिळाली, शहरातल्याच एका ऑफिसात. शेजारच्या टेबलावरच्या बाई रोज जेवणाच्या सुट्टीत माझी खुर्ची उचलून आपल्या मैत्रिणीसाठी नेत. मी उभ्यानं डबा खायची, मला त्याचं काही वाटत नसे. एके दुपारी त्यांनी खुर्चीला हात घातला आणि मी ओरडले, “काहून नेता वं माझी खुर्ची? मी माणूस नाही काय?” अख्ख्या हॉलनं वळून बघितलं. माझे कान तापले होते. एवढा राग मला आला आहे हे कळायलाच मला क्षण लागला. बाईंनी खुर्ची खाली ठेवली. मग मैत्रिणीला घेऊन त्या माझ्याच टेबलाशी आल्या, मला बसवलं, आणि आपल्या डब्यातली मेथीची भाजी माझ्या झाकणात वाढली. भाजी फार खारट होती. मी तसं त्यांना सांगितलं.