दिसतंय का गं?

आमचे साडू जगाकडे फक्त मागून पाहतात. माणसाचं तोंड त्यांच्या लक्षात राहत नाही, गाडीची पाठ मात्र ते जन्मात विसरत नाहीत. एका लग्नात मी माझ्या साहेबांशी त्यांची ओळख करून दिली, तर नमस्कार राहिला बाजूला, "तुमचा उजवा ब्रेकलाइट लागत न्हाई. कवापासनं?" असं म्हणत ते साहेबांना अक्षता पडायच्या आत मांडवाबाहेर घेऊन गेले. कुपवाडला घराच्या पडवीतच त्यांचं दुकान आहे. ज्यांचे मागचे दिवे आता बाजारात मिळत नाहीत अशा जुन्या गाड्या तिथं येतात, आणि साडू त्या दिव्यात नेमका बसेल असा बोर्ड कापून त्यावर एलईडी डाख देऊन जोडून देतात. सर्किटची छापलेली आकृती तांब्याच्या पाटीवर उठवायला इस्त्री लागते, आणि ती घरचीच. त्यामुळं अक्कांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीच्या, ठेवणीतल्या साड्यांवर काळ्या रेघा आहेत. "मला बॅटरी जोडली तर उजेड पडंल," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात.

बोर्ड तयार झाला की उजेड मोजायचं मीटर लावतात, पण शेवटचा निकाल अक्कांचा. साडू गाडीत बसून ब्रेक दाबणार आणि ओरडणार, "दिसतंय का गं?" अक्का पिठाच्या हातानं फाटकाशी उभ्या राहून सांगणार, "हाय," किंवा "मंद हाय." मंद म्हटलं की बोर्ड परत टेबलावर. मी एकदा मीटरची बाजू घेऊन पाहिली. "मीटर सेल उतरला की खोटं बोलतंय, पाव्हणं. ही न्हाई बोलत," म्हणाले.

मध्यंतरी "मंद हाय" फार वाढलं. साडू एलईडी वाढवत गेले आणि गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली. सांगलीचा एक हळदीचा व्यापारी तर हात जोडून म्हणाला, "मागचे गाडीवाले लय शिव्या देत्यात हो." साडू दुखावले. नेमका मी गेलो होतो, तर त्यांनी मलाही अक्कांशेजारी उभं केलं आणि ब्रेक दाबला. मी डोळ्यांवर हात घेतला. अक्का टक्क डोळ्यांनी बघत म्हणाल्या, "मंद हाय."

साडूंनी आम्हा दोघांना आरशात पाहिलं. बराच वेळ त्यांनी पाय उचललाच नाही. मग खाली उतरून एवढंच म्हणाले, "चप्पल घाल. दवाखान्यात जाऊ."

काचबिंदू निघाला. गेलेली नजर येणार नाही, उरलेली टिकवायला बघू, असं डॉक्टर म्हणाले. अक्कांना कधीचं कळलं होतं. का नाही सांगितलं, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "सांगितलं असतं तर ह्यांनी मला मागं हुबं केलं असतं व्हय?"

साडूंनी सगळ्या गाड्या परत बोलावून दिवे मीटरप्रमाणं नीट करून दिले. मीटरवर त्यांचा आता पुरता भरवसा आहे. अक्कांच्या डोळ्यांत थेंब चालू आहेत, तरी नजर उतरतेच आहे.

परवा संध्याकाळी गेलो, तेव्हा साडू एका गाडीत बसत होते. मीटर कधीच लावून झालं होतं. तरी त्यांनी अक्कांना हाताला धरून फाटकाशी नेऊन उभं केलं होतं. दार ओढून घेत त्यांनी सवयीनं हाक दिली, "दिसतंय का गं?"

"हाय. लख्ख हाय!" अक्का म्हणाल्या.

साडूंचा पाय अजून ब्रेकवर गेला नव्हता. त्यांनी आरशात एकदा पाहिलं आणि मग हळूच ब्रेक दाबला.