जिभेवरची पट्टी

तुला बोहारणीकडून जुन्या कपड्यांवर घेतलंय, असं आमच्या वेळी सगळ्याच घरांत मुलांना चिडवायचे. बाकीची मुलं रडून विसरून जायची. मी विसरणाऱ्यांतली नव्हते. आई-बाबा दोघंही काळेसावळे, केस कुरळे. मी गोरी आणि केस सरळसोट. अंधेरीच्या आमच्या चाळीत कोणी नवीन बाई राहायला आली की आधी माझ्याकडे बघायची, मग आईकडे, आणि ओठावर आलेलं काहीतरी गिळायची. ते काय गिळलं, ते मला बरोबर कळायचं.

ऐंशीनंतरची गोष्ट. मी पार्ल्याच्या कॉलेजात बारावीला होते. जीवशास्त्राच्या मॅडमनी एक दिवस रसायनात बुडवून वाळवलेल्या कागदी पट्ट्या वाटल्या आणि जिभेवर ठेवायला सांगितल्या. मी थेट नळाकडे पळाले, इतकी कडू. माझ्या शेजारची मात्र मजेत चघळत होती, तिला नुसता कागद लागत होता. मॅडम म्हणाल्या, हे जनुकावर ठरतं. त्याचं एक रूप असलं की कडू लागतं, दुसरं असलं की नाही. कडू लागणारं रूप आई-वडिलांपैकी एकाकडून आलं तरी पुरतं. पण दोघांनाही लागत नसेल, तर मुलाला लागायला नको.

मी दोन पट्ट्या मागून घेतल्या. संध्याकाळी दोघांच्या हातावर एकेक ठेवली आणि कॉलेजातून आणलीय, तोंडात धरा, एवढंच म्हटलं. मग टक लावून बघत बसले. बाबा पेपर वाचतच राहिले. आई पट्टी चावत तांदूळ निवडत होती. कशी लागतेय विचारलं, तर बाबा म्हणाले, "कुठे काय?" आईनेही मान हलवली.

माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. जेवताना मी बाबांच्या कानाच्या पाळ्या बघायची, आई झोपली की तिच्या पायाची बोटं. एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं, माझ्या वेळी दवाखान्यात आणखी कोणाकोणाला मुली झाल्या होत्या? आई एकदम म्हणाली, "कशाला हव्यात तुला नसत्या चौकशा?" काही लपवायचं असल्याशिवाय माणूस असं तोडून बोलत नाही, याची मला खात्री पटली. मला भीती वाटत होती. अभ्यासात लक्ष लागेना.

तेवढ्यात पाडवा आला. गुढी उभारून झाल्यावर बाबांनी कडुलिंबाचा पाला हातावर ठेवला. आमच्याकडे तो खाताना तोंड वाकडं करायचं नाही, नाहीतर वर्ष कडू जातं. मी नेहमीप्रमाणे केलंच. दोघं मात्र विडा खावा तसा पाला चावत होती. कडू नाही लागत का, मी विचारलं.

"कुठे काय?" बाबा म्हणाले.

तेच शब्द, तोच चेहरा. मी आईच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. ती पुऱ्या लाटायला बसली, मला तळायला लावलं. मी विचारलं, त्या दिवशीची पट्टी खरंच कडू नव्हती?

"जहर होती," आई म्हणाली. "पण तू एवढ्या हौसेने हातावर ठेवलीस. तोंड कशाला वाकडं करू?"

मला हसू आलं आणि रडूही. इतके दिवस मनात साठलेलं सगळं मी बोलून टाकलं. तिलाच कडू लागलं म्हणजे मी तिची असू शकते, आहेच असं नाही, हेही सांगितलं. मला वाटलं, आता ओरडेल. तिने हातातली पुरी लाटून संपवली.

"मलाही वाटलं होतं," ती म्हणाली. "नर्सने तुला आणून दिलं ना, तेव्हाच. एवढी गोरी. पलीकडच्या खाटेवरच्या बाईलाही मुलगीच झाली होती."

"मग?"

"मग काय? भुकेने रडत होतीस. घेतलं पदराखाली. ती पुरी उलट, करपतेय."