कुंदाताई सांगायच्या तेव्हा…

सकाळी डबे भरताना फोन वाजला, त्यावर कुंदाताईंचं नाव दिसलं आणि मी तो तसाच ओट्यावर ठेवून दिला. ऑफिसच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज रोजच यायचा. कधी कुठल्याशा ग्रहावर पाण्याची वाफ सापडल्याची बातमी, कधी आदल्या रात्रीच्या मालिकेवर दोन ओळींचा शेरा. ते घाईत वाचायचं नसतं, बसमध्ये खिडकी मिळाली की सावकाश वाचायचं, अशी माझी सवय. चौफुल्याला कंपनीची बस आली, मी चढले, तर आत कुणीच बोलत नव्हतं. पाटसहून बसणाऱ्या कुंदाताई त्यांच्या जागेवर नव्हत्या. मग मी फोन उघडला. त्यांच्या नंबरवरून त्यांच्या मुलीनं लिहिलं होतं, "आई आज पहाटे गेली. झोपेतच."

त्याला आता दीड-दोन महिने होत आले. बस रोज तशीच केडगाव, पारगाव, न्हावरा करत शिक्रापूरकडं जाते. पारगावच्या पुलावरून भीमा दिसते, पुढं बस उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकते, आणि आम्ही सगळे आपापल्या फोनमध्ये मान घालून बसतो. पूर्वी असं नव्हतं.

शिक्रापूरच्या पुढं गाड्यांचे सुटे भाग बनवणारा आमचा कारखाना. त्याच्या डिस्पॅचच्या ऑफिसात कुंदाताई माझ्याआधी कितीतरी वर्षं होत्या. बी.कॉम. झालेल्या, पण जीव सगळा विज्ञानाच्या बातम्यांत आणि तितकाच टीव्हीत. या दोन्ही गोष्टी त्यांच्या डोक्यात शेजारी-शेजारी नांदायच्या. प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या म्हणे, "त्याला आधी नोटीस तरी दिली का कुणी?" कृष्णविवराचा पहिला फोटो आला तेव्हा चष्मा वर करून बराच वेळ त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "माझ्या आधारकार्डावरच्या फोटोपेक्षा बरा आलाय." ऑक्टोपसला तीन हृदयं असतात हे वाचून, अप्रेझलच्या महिन्यात आपल्यालाही ती द्यावीत असा त्यांचा आग्रह होता. मालिकेतल्या ऑफिसांवर त्यांचा राग. "एवढी कोट्यवधींची कंपनी चालवतात, आन् एकाही मीटिंगला प्रोजेक्टर बंद पडत नाही?" हसायच्या मात्र स्वतः कधी नाहीत. बाकीचे हसायला लागले की त्या चहाचा कप उचलून गंभीरपणे खिडकीबाहेर बघायच्या.

पण मी हे लिहिते आहे ते त्या गमतींसाठी नाही.

मी नोकरीला लागले, लग्न होऊन यवतला आले आणि पुढच्याच वर्षी मला दिवस गेले. सातवा महिना चालू होता. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी सूर्यग्रहण होतं. कुंदाताई आठवडाभर त्याचीच वाट बघत होत्या. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी कँटीनमधून भजी काढायचा झारा मागून आणला, पार्किंगमधल्या लिंबाशेजारी उन्हात धरला आणि आम्हाला हाका मारल्या. झाऱ्याच्या प्रत्येक भोकातून खाली फरशीवर एकेक कोर पडली होती. सूर्याची कोर! लिंबाच्या पानांखालीही तशाच शेकडो कोरी हलत होत्या. "वर बघायचं नाही कुणी, खालीच बघा," त्या बजावत होत्या. मी दारात घुटमळत होते. घरून सक्त ताकीद होती. कुंदाताई म्हणाल्या, "यायचं तर ये, वैशाली. नको वाटत असेल तर राहू दे." मी गेले. पोटावर हात ठेवून त्या कोरी बघितल्या. मग आत येऊन नेहमीसारखी कटरनं खोक्यांच्या पट्ट्या कापत बसले.

मार्चमध्ये सई झाली. तिचा वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला होता.

घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही, पण मोठ्यानं बोलले असते तर बरं झालं असतं. सासूबाईंनी, मी त्यांना आत्या म्हणते, एकदाच विचारलं, "गिराणात काय कापलं व्हतंस का?" मी खोटं बोलू शकले नाही. कटरचं सांगितलं, झाऱ्याचंही सांगितलं. त्या दिवसापासून पाळणा आतल्या खोलीत गेला. बारसं केलं नाही. शेजारणी आल्या की दार ओढून घेतलं जायचं. सईला ओढून दूध पिता येत नव्हतं, मी वाटी-चमच्यानं पाजायची, निम्मं ओठाच्या फटीतून बाहेर यायचं. डॉक्टर म्हणत होते, वजन जरा वाढलं की पुण्याला नेऊन ऑपरेशन करून घ्या. आत्या म्हणायच्या, "द्येवानं दिलंय तसं ऱ्हाऊ द्या. कापाकापीनंच झालंय, आता आनखी कापता व्हय?" माझे यजमान गप्प. आणि खरं सांगायचं तर माझाही स्वतःवर भरवसा उरला नव्हता. रात्रंदिवस मला तो कटर दिसायचा.

कुंदाताईंना हे कुणाकडून कळलं ठाऊक नाही. एका रविवारी दुपारी त्या न कळवता यवतला आमच्या दारात उभ्या राहिल्या. मी नाव सांगताच आत्यांनी त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं.

"तुमीच का त्या? पोटुशी बाईला गिराणात उन्हात काढनाऱ्या?"

"व्हय," कुंदाताई म्हणाल्या, "मीच." आणि चपला काढून आत येऊन बसल्या.

बाळ बघायला मिळालं नाही. टीव्हीवर आत्यांच्या आवडत्या मालिकेचा जुना भाग लागला होता. कुंदाताईंनी तो आत्यांशेजारी बसून पूर्ण बघितला, कोण कुणाची सून आणि कुणी कुणासाठी विष कालवलं ते बारकाईनं विचारून घेतलं, चहा घेतला आणि गेल्या. बाळाबद्दल एक शब्द नाही. पुढच्या रविवारी पुन्हा आल्या. त्या दिवशी आत्यांनीच विचारलं, "परवाचा भाग बघितला का?" मी आतल्या खोलीत सईला मांडीवर घेऊन त्या दोघींचं बोलणं ऐकत होते. आमच्या घरात कितीतरी दिवसांनी कुणी साधं बोलत होतं…

त्यानंतरच्या खेपेला मात्र मालिका संपल्यावर कुंदाताईंनी टीव्ही बंद केला. म्हणाल्या, "मावशी, मी वाचलं होतं, पण वाचलेल्यावर भागत नाही म्हणून डॉक्टरांना विचारून आलेय. बाळाचा ओठ पोटात जुळतो तो पहिल्या दोनेक महिन्यांत. ग्रहण लागलं तवा हिला सातवा होता. जे व्हायचं ते त्याच्या कितीतरी आधीच झालं होतं. हिनं काही कापलं म्हणून नाही, आन् मी उन्हात नेलं म्हणूनही नाही."

आत्यांनी मग विचारलं, "मंग कशानं झालं?"

"नक्की कशानं ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. पण शिवता येतंय, मावशी. शिवलं की पोर नीट दूध पिईल."

आत्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रागावल्या. पण त्या रडत होत्या. "माझी धाकटी भन आशीच व्हती," त्या म्हणाल्या. "तिला कुनी दवाखान्यात न्हेलं न्हाई. पावनं आलं का कनगीमागं बसवायचे. लगीन न्हाई, काय न्हाई. आमची आय मरंस्तवर सोताला दोस देत व्हती… म्हनायची, मी गिराणात इळा हातात धरला."

इतक्या वर्षांत या बहिणीबद्दल आमच्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. माझ्या यजमानांनीसुद्धा नाही.

"नाव काय होतं त्यांचं?" कुंदाताईंनी विचारलं.

"रखमा."

कुंदाताईंनी ते नाव एकदा हळूच स्वतःशी म्हटलं. असा दोष कधी कधी घराण्यातून येतो, हे त्यांना नक्की माहीत होतं. पुढं कितीतरी वर्षांनी त्यांनी ते मला सांगितलं. त्या दुपारी त्यांच्या ओठांपर्यंत ते आलं असणार. त्या बोलल्या नाहीत. एकीवरचा ठपका उचलून दुसरीवर ठेवायला त्या आल्याच नव्हत्या.

आत्या उठल्या, आत आल्या, माझ्या मांडीवरून सईला उचललं आणि बाहेर नेऊन कुंदाताईंच्या हातात दिलं.

ऑपरेशनच्या दिवशी कुंदाताईंनी रजा टाकली होती. पुण्याच्या दवाखान्यात मी आणि यजमान दाराशी उभे, आणि बाकावर आत्या कुंदाताईंचा हात घट्ट धरून बसलेल्या. आत्यांचा आदल्या रात्रीचा भाग चुकला होता. कुंदाताई तो त्यांना खालच्या आवाजात, संवादासकट सांगत होत्या. मध्येच दाराकडं बघायच्या, पुन्हा सांगायला लागायच्या. नर्स सईला घेऊन बाहेर आली तेव्हा आत्यांनी आधी बाळाचं तोंड बघितलं नाही, कुंदाताईंचं बघितलं. त्या हसताहेत हे दिसल्यावरच त्यांनी नातीकडं मान वळवली.

सई आता कॉलेजात जाते. ओठावर बारीक रेघ आहे, ती झाकत नाही. आत्या ग्रहण अजूनही पाळतात. कुंदाताईंना ते ठाऊक होतं आणि त्यावरून त्यांनी कधी त्यांना छेडलं नाही.

दहावा झाल्यावर गर्दी ओसरली, तेव्हा मी पाटसला त्यांच्या घरी गेले. त्यांचे यजमान, आप्पा, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. कमी बोलणारा माणूस. आमच्या ऑफिसात कधी पाऊल टाकलेलं नाही. त्यांनी मला स्वयंपाकघरातच बसायला पाट दिला आणि चहा टाकला. चहा उकळताना तेच म्हणाले, "त्या स्टोअरच्या कदमाचं काय झालं? साहेबाशी मिटलं का त्याचं?"

मी विचारलं, "तुम्हाला कसं ठाऊक, आप्पा?"

"संध्याकाळी सांगायची ना ती. तिला यायला उशीर व्हायचा म्हणून भाकरी मीच थापायचो. ती हितं, तुम्ही बसलाय तिथंच बसायची, आन् दिवसभराचं सगळं सांगायची. तुम्हा सगळ्यांना वळखतो मी." चहा गाळत म्हणाले, "कदमाचं अर्धवट राह्यलंय बघा."

मी सांगितलं. कदमांची बदली रद्द झाली, साहेबांनी स्वतः येऊन त्यांना चहाला नेलं. आप्पांनी मान हलवली.

"आन् ते यान? गुरूच्या चंद्राकडं निघालेलं… पोचलं का?"

मला माहीत नव्हतं. फोन काढून शोधलं आणि वाचून सांगितलं, "नाही आप्पा, अजून वाटेतच आहे. काही वर्षं लागतील."

"बरं," ते म्हणाले. "येत जावा अधनंमधनं."

तेव्हापासून जमेल त्या रविवारी मी पाटसला जाते. जाताना बसमधलं, ऑफिसमधलं काही ना काही लक्षात ठेवते. गेल्या खेपेला आप्पांनी परात ओढली, पीठ मळायला घेतलं आणि माझ्याकडं न बघताच म्हणाले, "हं… मग?"