रिसीव्हर खाली ठेवणाऱ्या मावशी

आमच्या वकिली ऑफिसातला प्रत्येक फोन सव्वीस वर्षं मावशींनी जोडून दिला. पलीकडून "हॅलो" आलं की त्या आपला रिसीव्हर लगेच खाली ठेवायच्या. "लोकांची लफडी ऐकून माझं पोट भरणार आहे का?" असं वर विचारायच्या.

यंदा एका अशिलाची गुप्त गोष्ट बाहेर फुटली. फोडली साहेबांच्या मेहुण्याने. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण मेहुण्याला बोलणार कोण? खापर फुटलं फोनवर, आणि साहेबांच्या डोक्यात सुरक्षित फोनचं खूळ शिरलं.

तीन कंपन्यांशी बोलणी झाली. तिसऱ्या कंपनीचा माणूस स्पीकर फोनवर म्हणाला, "साहेब, कुलूप कितीही भारी लावा, मध्ये माणूस बसलाय तोवर काही खरं नाही."

"अगदी बरोबर," साहेब म्हणाले. "बाई चोरून ऐकतच असणार. तुमचीच सिस्टिम घेतो, बाईंना महिनाअखेर मोकळं करतो."

मी साहेबांचा कारकून, समोर बसून हे सगळं मुकाट्याने लिहून घेतलं. पोटाची भीती, दुसरं काय!

तासाभरात ऑफिसभर कुजबुज झाली. मावशींना मात्र आठ दिवसांनी कळलं, पत्र हातात पडल्यावर.

"कधी ठरलं रे हे?" त्यांनी मला विचारलं.

"मंगळवारी, साडेअकराला. त्या कंपनीच्या फोनवर."

मावशींनी जरा आठवून पाहिलं.

"तो तर मीच जोडून दिला होता," त्या म्हणाल्या.